डिस्चार्ज बुकातली तीन नावं

सांगलीहून जयपाल सरांचा फोन आला तेव्हा लालासाहेब अंगणात बसून कुट्टी मशीनचं पातं घासत होता. त्या दिवशी तो फोन लागलाच नसता तर बरं झालं असतं, असं पुढं कैक वर्षं त्याला वाटत राहिलं. पण लागायचे फोन बरोबर लागतात.

फोन होता क्रांतीला. शेजारच्या थोरल्या भावाच्या घरातून भिंतीतल्या दारानं ती पळत आली आणि स्पीकर चालू करून तिनं मोबाईल लालासाहेबासमोर धरला. जयपाल सर सांगलीत नीटचा क्लास चालवायचे आणि निकालानंतर पोरांचे प्रवेशाचे फॉर्मही स्वतः बसून भरून द्यायचे. माणूस मोजकं बोलणारा. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की क्रांतीचे मार्क काठावरचे आहेत, खुल्या यादीतून सरकारी डेंटल कॉलेज मिळणं कठीण. पण कागद पुन्हा चाळताना त्यांना तिचा जन्मदाखला दिसला. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आकाराम आणि जन्मदाखल्यावर लालासाहेब. हे लालासाहेब कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा पोरीनं सरळ सांगून टाकलं होतं, की जन्म दिला तो बाप, फौजेत हवालदार होते.

"मग एवढे दिवस बोलला का नाहीत?" जयपाल सर म्हणाले. "सैनिकांच्या मुलांना वेगळ्या जागा असतात. साताऱ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातनं दाखला आणा. उद्या संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडला, तर पोरगी डेंटलला गेली म्हणून समजा."

क्रांतीनं लालासाहेबाकडं बघितलं. "होईल ना हो नाना?"

"बघू," असं म्हणून लालासाहेबानं मान खाली घातली आणि पातं घासायला घेतलं.

क्रांती कुणाची, हे गावात कुणापासून लपलेलं नव्हतं. तिला स्वतःलाही कळत्या वयापासून माहीत होतं. आकारामाला आणि शालूबाईला मूलबाळ नव्हतं. धाकट्या भावानं आपली चौदा महिन्यांची दुसरी मुलगी थोरल्या भावजयीच्या ओटीत घातली. वकील नाही, कागद नाही, पाच बायकांनी ओटी भरली आणि झालं. पुढं शाळेत घालताना आकारामानं आपलं नाव लावलं, मास्तरांनी लिहून घेतलं. आपल्याकडं असंच चालतं, आणि चालतंय तोवर कुणी विचारत नाही. त्या दिवसापासून लालासाहेबाला मात्र गावात वेगळा मान मिळाला. काळजाचा तुकडा काढून दिला माणसानं, असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं लोक म्हणायचे. तो सुट्टीवर आला की पारावरची म्हातारी माणसं सरकून त्याला जागा द्यायची. भावाभावांची रानाची वाटणी झाली तेव्हाही पंचांनी पहिला शब्द त्यालाच विचारला होता.

आणि पोरीला डेंटललाच का जायचं होतं? तर शालूबाईपायी. मिश्रीनं शालूबाईच्या हिरड्या पंचेचाळिशीतच गेल्या होत्या. कवळी बसवायला क्रांतीनं तिला सांगलीच्या दवाखान्यात सहा खेपा नेलं. तिथं पांढरा कोट घातलेली एक शिकाऊ पोरगी शालूबाईला "मावशी, आ करा" म्हणायची, आणि शालूबाई, जी कधी कुणाचं ऐकत नाही, ती मुकाट्यानं आ करायची. क्रांती तेव्हा आठवीत होती. घरी आल्यावर तिनं जाहीर करून टाकलं की आपण हेच शिकणार. त्यानंतर तिनं दुसऱ्या कशाचं नावच काढलं नाही.

संध्याकाळी सगळे थोरल्या घराच्या सोप्यात बसले. शालूबाईनं चहा केला, पण कपाला कुणी हात लावेना. जयपाल सर जे बोलले त्याचा अर्थ सगळ्यांना एव्हाना नीट कळला होता. दाखला पाहिजे असेल तर क्रांती लालासाहेबाची मुलगी, असं सरकारदरबारी सांगावं लागणार. म्हणजे आकारामाची नाही, असंही सांगावं लागणार.

आकाराम आधी बिथरला. सतरा वर्षं वाढवलेलं पोर, ते काय बाजारातलं जनावर आहे का दावणी बदलायला, असं काहीबाही बोलून तो उठून गोठ्यात गेला. शालूबाईनं त्याला तिथून परत आणलं. ती काय बोलली कुणाला ऐकू आलं नाही, पण परत आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता.

"लाला, घे गड्या तुझ्या नावावर," तो म्हणाला. "कागदानं काय बाप बदलतुय व्हय."

आता लालासाहेबानं हरखून जायला पाहिजे होतं. तो आडवं बोलायला लागला. म्हणाला, दादाच्या मनाला लागेल, लोक काय म्हणतील, कोट्यातून गेलेल्या पोरांना कॉलेजात नावं ठेवतात म्हणे, खासगी कॉलेज बघू की. तो मागं सरतोय तसा आकाराम आणखी विरघळत गेला. बघ माझा भाऊ, माझ्या जिवाला लागू नये म्हणून पोरीचं भलंसुद्धा नको म्हणतोय, असं त्यानं बायकोला बोलून दाखवलं. शालूबाईनं डोळ्यांना पदर लावला.

खरी गोष्ट वेगळीच होती. लालासाहेबाच्या पत्र्याच्या पेटीत त्याचं फौजेतलं डिस्चार्ज बुक होतं आणि त्या बुकात कुटुंबाच्या पानावर तीन नावं होती. बायको मनुबाई. थोरली मुलगी संयोगिता, जी आता लग्न होऊन शिरवळला नांदत होती. आणि मुलगा शिवतेज. क्रांतीचं नाव त्या पानावर नव्हतं. सोप्यात बसलेल्यांपैकी ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, त्याला आणि मनुबाईला. मनुबाई उंबऱ्याला टेकून बसली होती आणि एकटक नवऱ्याकडं बघत होती. आता हा सांगेल, मग सांगेल. त्यानं सांगितलं नाही. शेवटी क्रांतीच म्हणाली, "नाना, जाऊन तर बघू," आणि तो "बरं" म्हणाला.

मनाशी त्यानं हिशोब केला होता तो असा: जन्मदाखला आहे, थोरल्याचं लिहून दिलेलं असेल, साहेब फौजेतलाच माणूस असणार, निघेल काहीतरी वाट. माणूस बुडायला लागला की काडीलाही लाकूड समजतो, त्यातली गत.

सकाळी बोलेरो काढली आणि पाचही जण निघाले. कराडला कोर्टासमोर एका वकिलानं प्रतिज्ञापत्र टाईप केलं आणि सही घ्यायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवलं. 'सदर कुमारी क्रांती हे माझे अपत्य नसून माझे कनिष्ठ बंधू लालासाहेब यांचे आहे, तिच्यावर पिता म्हणून माझा कोणताही हक्क नाही.' आजूबाजूला चार लोक झेरॉक्सच्या रांगेत उभे होते. आकारामानं ते सगळं उभ्यानं ऐकलं, चष्मा पुसला आणि सही केली. शालूबाईला सही यायची ती क्रांतीनंच शिकवलेली, तिसरीत असताना, चुलीपुढं कोळशानं. तिनं एकेक अक्षर लावून ती केली.

लालासाहेब शेजारीच उभा होता. ह्या कागदाचा काही उपयोग नाही, हे त्याला तेव्हा नव्वद टक्के माहीत होतं. दादा, थांब, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पुढं आठवलं की ह्याच क्षणाची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची. पोरीची सीट गेली ती गेली, पण तेव्हा तोंड उघडलं असतं तर निदान भावाची ही सही तरी वाचली असती. तो वकिलाच्या टेबलावरचा शिक्का बघत राहिला.

साताऱ्याच्या कार्यालयात गर्दी नव्हती. टेबलामागं बसलेले साहेब निवृत्त सुभेदार होते. नंबर, पलटण विचारून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. क्रांतीला म्हणाले, डेंटल म्हणजे चांगलंच, आमच्या माजी सैनिकांना तर सगळ्यांनाच दात करून पाहिजेत. ती हसली. मग त्यांनी लालासाहेबाचं डिस्चार्ज बुक उघडलं, कुटुंबाचं पान काढलं आणि त्यावर बोट ठेवून खालीवर दोनदा फिरवलं.

"हवालदार, मुलीचं नाव कुठं आहे?"

लालासाहेबानं प्रतिज्ञापत्र पुढं सरकवलं. साहेबांनी ते वाचलं, जन्मदाखला वाचला, आणि दोन्ही कागद नीट जुळवून परत दिले. त्यांनी समजावून सांगितलं, तेही ममतेनंच. सैनिकाला मूल झालं की त्याची पलटण पार्ट टू ऑर्डर काढते, तिच्यावरून रेकॉर्ड ऑफिसात नाव चढतं, आणि तिथं नाव असेल त्याच मुलाला दाखला मिळतो. गावाकडं कुणीही काहीही लिहून दिलं तरी त्याला इथं किंमत नाही. आता नाव चढवायचं तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा, चौकशी होते, तीन महिने, चार महिने. आज पाचच्या आत होण्यासारखं त्यांच्या हातात काही नव्हतं.

आकाराम खुर्चीतून उठला. "साहेब, पोरगी माझी न्हाई. म्या लिहून दिलंय. आनी काय पायजे ते लिहून देतो." तो हे क्रांतीच्या देखत म्हणाला, आणि मग पुन्हा एकदा म्हणाला, जास्त मोठ्यानं, कारण साहेबांना पहिल्या खेपेला पटलं नसावं असं त्याला वाटलं.

"काका, बसा," साहेब म्हणाले. "तुमचं खरंच आहे. पण उपयोग नाही." मग ते लालासाहेबाकडं वळले. त्यांना खरंच कोडं पडलं होतं. "मुलगी चौदा महिन्यांनी दत्तक दिली म्हणता. जन्माची ऑर्डर तर त्याआधीच निघायला पाहिजे. पहिल्या मुलीची निघालीय, मुलाची तर आठ दिवसांत निघालीय. हिचीच कशी राहिली?"

सगळी लालासाहेबाकडं बघायला लागली.

"जन्माच्या आधीच ठरलंतं साहेब," तो म्हणाला. "थोरल्याला द्यायची म्हणून. मग म्हटलं, आपल्या बुकात कशाला घालायची."

आकारामानं मान वळवून भावाकडं बघितलं. असं काही ठरलेलं नव्हतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? एखादा असता तर तिथंच खोटं पाडून मोकळा झाला असता. आकाराम सावकाश खाली बसला.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "म्याच शब्द घेतला हुता."

गाडी परतीच्या वाटेला लागली. क्रांतीनं जयपाल सरांना फोन लावून थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, खुल्या यादीत काय मिळतंय बघू, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दे. फोन ठेवल्यावर तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं. शालूबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला तसा तिनं खांदा आखडून घेतला. असं तिनं कधी केलं नव्हतं. शालूबाईनं हात काढून आपल्या मांडीवर ठेवला.

उंब्रजला गाडी थांबवली, सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. आकाराम म्हणाला, मला भूक नाही, तुमी खाऊन या. शालूबाईही त्याच्याबरोबर गाडीत थांबली. लालासाहेब, मनुबाई आणि क्रांती हॉटेलात जाऊन बसले. पोऱ्या पाणी ठेवून गेला.

लालासाहेब म्हणाला, उद्याच्या उद्या रेकॉर्ड ऑफिसला जातो, हातापाया पडून नाव चढवतो, पुढच्या वर्षाला आपला दाखला तयार. क्रांतीनं ते कानावर घेतलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिला ते येऊ द्यायचं नव्हतं.

"तुमची काय चूक नाना," ती म्हणाली. "आबांनी जन्माच्या आधीच शब्द घ्यायचा? ह्यांना पोर पाहिजे होतं म्हणून माझं नाव कुठंच लागलं नाही. आणि आज कसं चटकन म्हणाले, माझी नाही. दोनदा म्हणाले. मी कुणाची मग?"

मनुबाईनं नवऱ्याकडं बघितलं. काल सोप्यात बघत होती तसंच. लालासाहेबानं ग्लास उचलला आणि पाणी न पिता खाली ठेवला.

क्रांती जन्मली तेव्हा तो जम्मूकडं, नौशेऱ्याच्या पोस्टवर होता. गावाहून फोन आला, दुसरीही मुलगीच. त्यानं "बरं" म्हणून फोन ठेवला. पलटणीचा क्लार्क मिरजेचा होता, त्यानं चहा पिताना विचारलं, हवालदार, घरची काय खबर? काय न्हाई, असं तो म्हणाला. तेवढा एक शब्द. मग उद्या सांगू, पुढच्या महिन्यात सांगू. सांगायला तोंड होईना आणि हळूहळू सांगायची गरजही वाटेना. दोन वर्षांनी शिवतेज झाला तेव्हा त्यानं आख्ख्या बराकीला जिलेबी वाटली आणि त्याच क्लार्कच्या मागं लागून आठ दिवसांत ऑर्डर काढून घेतली.

"आबानं शब्द घेतला न्हवता," तो म्हणाला. "म्या खोटं बोललो तिथं. माझी अब्रू झाकायला दादानं व्हय म्हटलं."

क्रांतीनं डोळे पुसून त्याच्याकडं बघितलं.

"तुला दिली तवा तू चौदा म्हैन्यांची हुतीस. तवर नाव घालायला मला सवड हुती. दुसरी बी पोरगीच झाली म्हणून म्या कुणाला सांगितलंच न्हाई. आनी बुकात नाव न्हाई हे मला कालबी म्हाईत हुतं. सकाळी दादा सही करत हुता तवाबी म्हाईत हुतं."

एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला. क्रांती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिनं एकच विचारलं, "आबांना हे माहीत होतं?"

"त्याला कसं म्हाईत असणार," लालासाहेब म्हणाला. "त्याला मूल न्हवतं. त्यानं मागितली, म्या दिली." आख्ख्या गोष्टीत तेवढीच एक बरी बाजू त्याच्याकडं उरली होती, आणि ती त्यानं धरून ठेवली होती. काही झालं तरी आपण दिली. भावाचं घर आपण भरलं.

आता मनुबाई बोलली. सतरा वर्षांत ह्या विषयावर ती पहिल्यांदाच बोलत होती आणि नवऱ्याकडं न बघता बोलत होती.

"थोरल्यास्नी समदं म्हाईत हुतं. म्या गेल्ते शालूआक्कांच्याकडं. तुमी चौदा म्हैन्यांत दोनदा सुट्टीवर आलासा, एकदा बी हिला उचलून घेतली न्हाई. हिचं नाव काय ठेवलं, हेबी इचारलं न्हाई. म्या आक्कांला म्हटलं, माझ्या पोरीला बाप न्हाई. त्या दोघांनी तवर कुणाचं पोर मागितलं न्हवतं, नशिबात न्हाई म्हणून सुखानं ऱ्हात हुती. दुसऱ्या दिवशी थोरलं आलं आनी चार लोकांत तुमच्याफुडं हात जोडून म्हटलं, लाला, आमाला पोर न्हाई, येवढी दे. तुमास्नी कमीपना येऊ ने म्हणून त्यांनी मागितल्यागत केलं."

मग ती क्रांतीकडं वळली. "म्याबी गप्प बसले. कालबी बसले. माझंबी चुकलं," असं म्हणाली आणि तिनं पदरानं टेबलावरचं सांडलेलं पाणी पुसलं.

क्रांती उठली. काउंटरवर जाऊन तिनं दोन चहा घेतले, बशी झाकून गाडीपाशी नेले आणि मागचं दार उघडून आकाराम आणि शालूबाईच्या मधे जाऊन बसली. ती काय बोलली ते हॉटेलातून ऐकू येत नव्हतं. आकारामानं चहा हातात घेतला, एवढं दिसलं, आणि शालूबाई तिचे केस मागं सारत होती.

लालासाहेब बसूनच राहिला. पारावरच्या म्हाताऱ्यांनी सरकून दिलेली जागा, पंचांनी विचारलेला पहिला शब्द, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. जाऊन भावाचे पाय धरावेत असं त्याला वाटलं, पण नुसतं वाटण्यानं पाय उचलत नाहीत. तेवढ्यात आकारामानं गाडीची काच खाली केली.

"लाला, चल गड्या," त्यानं हाक मारली. "उशीर हुतूय, तू खाल्लंस का काय?"

त्या हाकेत रागाचा लवलेश नव्हता. लालासाहेबाला तेच सोसलं नाही, आणि भर हॉटेलात, लोकांच्या देखत, त्या बावन्न वर्षांच्या हवालदारानं तोंडावर टॉवेल घेतला.